नवऱ्याला सांगितलं होतं

पुतळी मोठ्यानं हसायची. वडखळच्या खाली, खाडीला लागून असलेल्या तिच्या माहेरी त्याचं कुणाला काही वाटत नसे. मिठागराच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक मारायची तर वाऱ्याला हरवावंच लागतं, त्यामुळे तिथं सगळ्यांचेच गळे मोकळे. लग्न होऊन ती रोह्याखालच्या खाडीकाठच्या गावात आली, आणि हळद उतरायच्या आत सासूनं सांगितलं, "पुतळे, दात झाक गो. हसतेस का हाक मारतेस?"

सासूचं नाव ठमाबाई. गावात तिच्या शब्दाला वजन होतं. एकुलता एक मुलगा जनू धाटावच्या एका कंपनीत लागलेला, इस्त्रीचा शर्ट घालून शिफ्टला जाणारा. त्याला पुतळीचं हसणं आवडायचं, पण आईसमोर तो तसं बोलायचा नाही. आईसमोर तो काहीच बोलायचा नाही. शिफ्ट सुटली की रोह्याच्या बाजारातून अबोलीचा गजरा आणायचा आणि आईच्या नकळत चुलीमागच्या फळीवर ठेवायचा. पुतळीला तेवढं पुरे होतं. नवरा भित्रा आहे हे तिला कळलं होतं, पण तो खोटा नाही अशी तिची खात्री होती.

शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात तिचे दिवस भरले. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण ठमाबाईनं मोडता घातला. "तुमच्या खाडीत काय हाय? सुईण नि चिखल. जनूचं पोर डॉक्टरच्याच हातात येईल." म्हणून तिला रोह्याच्या पुलापलीकडं, अष्टमी गावातल्या एका खाजगी प्रसूतिगृहात नेलं.

कळा सकाळी सुरू झाल्या. मूल मोठं होतं आणि त्याला वाट मिळत नव्हती. डॉक्टरांना त्या दिवशी पेणला कुणाच्या तरी लग्नाला जायचं होतं. बाहेर गाडीत त्यांची बायको शालू नेसून बसली होती, हे पुतळीनं आयांच्या बोलण्यातून ऐकलं. दोनदा येऊन ते घड्याळ बघून गेले. तिसऱ्यांदा आले ते मूल ओढायचा लोखंडी चिमटा घेऊनच. मुलगी बाहेर आली, रडली, आणि त्याच वेळी पुतळीच्या अंगात मांजरपाट फाडावं तसं काहीतरी टरकन फाटलं. ते तिला नुसतं जाणवलं नाही, ऐकूही आलं.

फाटलं होतं ते पार शीच्या वाटेपर्यंत. डॉक्टरांनी भूल चढायची वाट न बघता टाके घातले. पुतळी किंचाळली तेव्हा म्हणाले, "ओरडू नकोस, झालंच." बाहेर येऊन ठमाबाईला म्हणाले, "थोडं फाटलं होतं, शिवलंय. मुलगी आहे." आणि गाडीत बसले.

ठमाबाईला त्यातलं "मुलगी आहे" एवढंच ऐकू आलं.

घरी शेकशेगडी सुरू झाली. खाटेखाली निखाऱ्याचं घमेलं, वर पुतळी. पाचव्या दिवशी ताप चढला. टाक्यांतून पू आला, वास सुटला, आणि एका सकाळी तिच्या लक्षात आलं की टाके सुटलेत. सगळेच. खालच्या दोन वाटांची एक वाट झाली होती. वारा सरायचा तो भलतीकडून, तिला न विचारता. पातळ शी झाली तर ती उठून मोरीपर्यंत पोचायच्या आत लुगड्यात. ती दिवसभर फडकी बदलायची, धुवायची, वाळत घालायची, आणि ठमाबाई ती फडकी काठीनं उचलून कुंपणाबाहेर टाकायची.

जनू तिला परत अष्टमीला घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासलं आणि त्यांचा चेहरा बदलला, ते पुतळीनं पाहिलं. त्यांनी तिला बाहेर बाकावर जाऊन बसायला सांगितलं आणि जनूला आत थांबवलं. दार लावलं. बराच वेळ बोलणं चाललं होतं. जनू बाहेर आला तेव्हा त्याची नजर फरशीवर होती.

"काय म्हणाले?"

"चल."

पुलावर आल्यावर तिनं त्याची बाही धरली. खाली कुंडलिका नदीला भरती येत होती. "जनू, काय म्हणाले ते सांग ना."

"असंच राहणार म्हणाले. उपाय नाय."

"कायमचं?"

"कायमचं."

तो पुढं चालायला लागला. ती मागं. तिनं त्यावर विश्वास ठेवला, कारण इस्त्रीच्या शर्टातला, गजरा लपवणारा तो माणूस तिच्याशी खोटं कशाला बोलेल?

मग ठमाबाईचं राज्य सुरू झालं. पुतळीनं चुलीला शिवायचं नाही. देवघराकडं फिरकायचं नाही. झोपायचं पडवीत, गोणपाटावर. मुलीला पाजायचं तेही तिथंच. शेजारणी विचारायच्या, तर ठमाबाई गळा काढून सांगायची, "आधीपासूनच खोट होती गो तिच्यात. माहेरच्यांनी लपवली. आम्ही फसलो." फाटलं कसं, शिवलं कुणी, यातलं काहीच त्या सांगण्यात नसायचं.

भादव्यात गवर आली. बायका तेरड्याची गवर आणायला ओढ्यावर निघाल्या. नवी सून म्हणून गवर पुतळीच्या हातात द्यावी असं शेजारची इंदुबाई म्हणाली. खोट म्हणजे नेमकं काय, ते तिला ठाऊक नव्हतं. पुतळीनं घेतली. कितीतरी दिवसांनी ती बायकांत आली होती, आणि गाणं सुरू झाल्यावर तिचाही आवाज लागला. अर्ध्या वाटेवर पोटात कळ आली. तिनं पाय आवळले, दात आवळले. नाही थांबलं. पांढऱ्या काठाच्या नव्या लुगड्यावरून ते टाचेपर्यंत आलं.

ठमाबाई मागून पुढं धावत आली. सुनेच्या हातातली गवर तिनं हिसकावली आणि भर रस्त्यात ओरडली, "बघा गो बायांनो! गवरीला बाटवली हिनं! घाण! घाण हाय ही नुसती!"

गाणं थांबलं. पोरंसोरं हसली. पुतळी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. तिनं ठमाबाईच्या तोंडाकडं नीट बघून घेतलं. सोन्याची नथ, पानानं लाल झालेले ओठ. एखादी जागा परत सापडावी म्हणून माणूस खुणा लक्षात ठेवतो, तसं.

दुसऱ्या दिवशी जनूनं तिला आणि मुलीला माहेरी सोडलं. "चार दिवस आराम कर," म्हणाला. ते चार दिवस संपलेच नाहीत. दिवाळीनंतर निरोप आला की जनूनं दुसरी केली. त्या दुसरीचं नाव रंभा, आईवेगळी, सावत्र आईच्या हाताखाली वाढलेली, म्हणजे प्रश्न विचारायला मागं कुणी नाही अशी.

पुतळीची आई गिरजाबाई डोकं बडवून रडली. पुतळी म्हणाली, "रडू नको. रडण्यात जीव जातो, नि जीव मला लागणार हाय."

ती मिठागरावर कामाला जायला लागली. ऊन, खारं पाणी, लाकडी फळीनं ओढलेलं मीठ. गावात दुसऱ्या कामाला गेली तर बायका पदर नाकाला लावायच्या. मिठागराच्या चिखलाला स्वतःचाच असा उग्र वास की तिचा कुणाला येत नसे. खाऱ्या पाण्यानं जखम झोंबायची, रात्री बसवत नसे. फळी ओढताना ती मनात एक नाव घ्यायची. कधी ठमाबाई, कधी डॉक्टर. जनूचं नाव मात्र ती घ्यायची नाही. त्याचा काय दोष, असं तिला वाटायचं. उपायच नाही म्हटल्यावर पुरुषानं तरी काय करावं?

अशी तीनेक वर्षं गेली. मुलगी मंजुळा चालायला, बोलायला लागली. एका पावसाळ्यात पोरीला ताप भरला म्हणून पुतळी तिला पेणच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई नवीन आली होती. तिनं पोरीला तपासलं, गोळ्या दिल्या, आणि पुतळी उठायला लागली तशी डॉक्टरीणबाई म्हणाली, "थांबा. तुम्हाला काय होतंय?"

"मला कुठं काय?"

"बाई, मी वासावरून विचारतेय. राग मानू नका."

इतक्या वर्षांत त्या वासाबद्दल कुणी नाक न धरता बोललं नव्हतं. पुतळीनं दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईनं तपासलं, हात धुतले आणि विचारलं, "मग परत ऑपरेशन का नाही केलंत?"

"उपाय नाय ना."

"कोण म्हणालं उपाय नाही? टाके सुटले तर तीन-चार महिने थांबायचं, जखम भरू द्यायची आणि परत नीट शिवायचं. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात करतात. कुणीही डॉक्टर हेच सांगेल."

पुतळी म्हणाली, "कुणीही?"

"कुणीही."

डॉक्टरीणबाईनं मुंबईला चिठ्ठी दिली, गिरजाबाई सोबत गेली. सरकारी हॉस्पिटलात तिला निजवलं, शिवलं, बरेच दिवस नुसत्या पेजेवर नि पातळ ताकावर ठेवलं. वॉर्डात तिच्यासारख्या आणखी दोघी होत्या, एक जव्हारकडची, एक उत्तर प्रदेशातली. आपण जगात एकट्याच आहोत असं त्या दोघींनाही वाटलेलं होतं. पुतळी घरी आली तेव्हा शी थांबत होती. घाई लागली तर पळावं लागे, आणि वारा अजून कधीमधी न विचारता जायचा. ते तसंच राहील, असं मुंबईच्या डॉक्टरांनी तिला स्वतःला, तिच्या तोंडावर सांगितलं होतं. पण ती आता सुकी होती. बसू शकत होती. देवळात जाऊ शकत होती.

देवळात न जाता ती अष्टमीला गेली.

तेच प्रसूतिगृह, तोच बाक, बाहेर पोटुशा बायका ओळीनं बसलेल्या. डॉक्टर जाडे झाले होते. तिनं नाव सांगितलं, गाव सांगितलं, तरी त्यांना आठवेना. मग तिनं सांगितलं, "तुम्ही पेणच्या लग्नाला चालला होतात. बाईसाहेब गाडीत होत्या." तेव्हा त्यांना आठवलं.

"मुंबईला शिवून आले," पुतळी म्हणाली. "बरी झाले. तुम्ही उपाय नाय का म्हणालात?"

"मी?" डॉक्टर खरोखरच चकित झाले. "मी असं कशाला म्हणेन? मी तुझ्या नवऱ्याला स्पष्ट सांगितलं होतं. तीन महिन्यांनी मुंबईला ने, परत शिवतील, बरी होईल. हॉस्पिटलचं नावसुद्धा सांगितलं होतं."

पुतळीला आधी काही समजलंच नाही. मग समजलं. बंद दार, फरशीवरची नजर, पुलावरची भरती. उपाय होता, तो जनूच्या खिशात होता, आणि तो खिसा घेऊन तो तिच्यापुढं चालत गेला होता. आईला कसं सांगायचं या भीतीनं आधी पुलावर खोटं बोलला असेल, मग घरी आईला खरं सांगितलं असेल. आई म्हणाली असेल, कशाला मुंबई, कशाला तो घोळ, दुसरी आणू, मुलगा होईल. आणि तो गप्प बसला असेल, नेहमीसारखा. पुलावरच्या दोन शब्दांच्या खोट्यालाही त्याला धैर्य लागलं नव्हतं. पुढं नुसतं गप्प बसून भागलं होतं.

"मला का नाय सांगितलंत?" ती म्हणाली. "फाटली मी होते. बाहेर बाकावर मी बसले होते."

"अगं, तुला काय सांगायचं? नवऱ्याला सांगितलं होतं ना."

पुतळी उठली. तिनं केबिनचं दार सताड उघडलं आणि तिच्या मिठागराच्या गळ्यानं बाकावरच्या बायकांना हाक दिली, "बायांनो, ऐका! यांच्या चिमट्यानं मी फाटले शीच्या वाटेपर्यंत. यांचे टाके आठ दिवस टिकले नाय. बरी होण्यासारखी होते, ते यांनी मला नाय सांगितलं, माझ्या नवऱ्याला सांगितलं. नवऱ्यानं दुसरी केली. तुम्ही फाटलात तर तुम्हालाबी नाय सांगायचे. आपापल्या नवऱ्याची खात्री असेल तरच हितं या!"

डॉक्टर ओरडले, आया धावल्या, तिला हाताला धरून बाहेर काढलं. बाकावरची एक पोरगी रडायला लागली होती आणि दुसरी चपला शोधत होती. पुतळी रस्त्यावर आली आणि हसली. मोठ्यानं. कितीतरी वर्षांनी.

तेव्हापासून मिठागराचं काम नसेल तेव्हा ती अष्टमीला जायची. आत पाय ठेवायची नाही. समोरच्या वडाखाली सुक्या जवळ्याची पाटी मांडून बसायची आणि पोटुशी बाई दिसली की बोलवायची, "ये गो बाय, बस." दोन वेळा डॉक्टरांनी पोलीस पाठवला. जवळा विकणं गुन्हा आहे का, असं तिनं विचारलं, आणि पोलिसाची बायकोही त्या महिन्यात पोटुशी होती, त्यामुळे त्यानं तिथंच उकिडवं बसून सगळी हकीकत ऐकली. वर्षाच्या आत त्या बाकावरची गर्दी ओसरली. पुढं कधीतरी डॉक्टरांनी केबिनमध्ये नवरा-बायको दोघांना एकत्र बसवून बोलायला सुरुवात केली, असं आयांनी सांगितलं. पुतळीला त्यानं समाधान झालं नाही. उलट चीड आली. म्हणजे जमत होतं तर.

पण डॉक्टर म्हणजे निम्मा हिशेब होता.

एका दुपारी त्याच वडाखालून तिनं ठमाबाईला पाहिलं. नथ तीच. सोबत एक सावळी, किडकिडीत पोर, पोट पुढं आलेलं, पाय सुजलेले. ही रंभा. दोघी आत गेल्या. पुतळीनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि बसून राहिली.

खरं सांगायचं तर तिच्या मनात पहिलं आलं ते हेच: फाटू दे. हिचंही फाटू दे, वरपासून खालपर्यंत. ठमाबाईला परत फडकी काठीनं उचलू दे. जनूला परत त्या दाराआड बसू दे. या विचाराचं तिला इतकं सुख वाटलं की पाटीतला जवळा घेताना एक गिऱ्हाईक म्हणालं, "आज खुशीत दिसतेस गो."

ते सुख तिनं घरी नेलं, पण ते टिकलं नाही. मिठागरावर फळी ओढता ओढता तिला दिसलं की त्यात जनूचं काहीच जात नाही. रंभा फाटेल, जनू परत खाली बघत बाहेर येईल, ठमाबाई तिसरी शोधेल. आईवेगळ्या पोरी काय कमी आहेत? असला सूड म्हणजे शेजाऱ्याचा बैल मारायला जाऊन आपलाच बांध फोडणं. जनूला लागायचं तर त्याच्या हातातलं काढून घ्यायला हवं. आणि त्याच्या हातात काय होतं? रंभा होती. रंभेच्या पोटात जे होतं ते होतं.

जनूची पहिली शिफ्ट आणि ठमाबाई रोह्याच्या बाजारात, अशी वेळ साधून ती त्या घरी गेली. पडवीत तेच गोणपाट, आता त्यावर वाल वाळत घातले होते. रंभा दारात आली.

"कोण?"

"पुतळी. तुझ्या नवऱ्याची बायको."

रंभेनं दाराची कडी धरली. "तुम्ही... तुम्हाला रोग होता ना? तुम्ही पळून गेलात ना कुणाबरोबर?"

"असं सांगितलंय व्हय?" पुतळी उंबऱ्यावर बसली. "पळणार कशी गो? मला धड चालताही येत नव्हतं."

तिनं सांगितलं. काही वगळलं नाही. रंभा ऐकता ऐकता भिंतीला टेकत गेली, आणि शेवटी चिडून म्हणाली, "माझा संसार मोडायला आलीस तू."

"व्हय," पुतळी म्हणाली. "मोडायलाच आले. पण मी सांगते त्यातलं खोटं काय, ते त्याला विचार. एकच विचार. डॉक्टरांनी दार लावून काय सांगितलं होतं? तोंडाकडं बघून विचार."

रंभेनं तिला हाकलून दिलं. पाठीमागून एक शिवीही दिली. पुतळी शांतपणे एस.टी. पकडून परत आली. बी टाकलं होतं. खाऱ्या जमिनीत रुजायला वेळ लागतो.

नववा लागला तेव्हा रंभा आली. एकटी, कापडी पिशवी घेऊन, वडखळला उतरून बांधाबांधानं चालत. गिरजाबाईनं तिला ओळखलं नाही. पुतळीनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"विचारलं?"

"विचारलं." रंभा पाणी प्याली. "काय बोलला नाय. भाताकडं बघत राहिला. मग त्याची आई म्हणाली, तुला काय करायचंय, तू मुलगा दे. मी परत विचारलं, माझं तसं झालं तर मला मुंबईला न्याल का? तरी भाताकडंच बघत होता."

तिला रडू फुटलं. पुतळीनं तिला रडू दिलं आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिली, कारण तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते तिला त्या पोरीला दाखवायचं नव्हतं.

पेणच्या सरकारी दवाखान्यात रंभा बाळंत झाली. डॉक्टरीणबाई पूर्ण वेळ तिच्याजवळ होती. थोडं फाटलं, तिनं नीट शिवलं, आणि काय फाटलं, कुठवर फाटलं, काय काळजी घ्यायची, ते रंभेला उठवून बसवून सांगितलं. मुलगा झाला.

ती बातमी रोह्याला पोचायला वेळ लागला नाही. बारशाआधीच जनू आणि ठमाबाई आले, सोबत भावकीतले दोन जाणते, बाबाजी आणि शिवा. मिठागराच्या कामाचे दिवस होते, भर दुपार होती, माणसं जेवायला घरी आलेली. पुतळीनं कुणाला घरात घेतलं नाही. अंगणातच घोंगडी टाकली, आणि शेजारपाजारच्या बायकांना हाका मारल्या, "या गो, पाव्हणे आलेत माझ्या सासरचे!" अंगण भरलं.

बाबाजीनं घसा साफ केला. "झालं गेलं सोडा. नातू घराण्याचा हाय. बाळंतिणीला नि पोराला घेऊन जातो. पुतळीला पायजे तर तीबी येऊ दे. घर मोठं हाय."

"कोणच्या घराण्याचा?" पुतळी म्हणाली. "मी पेणच्या वकिलाला विचारलंय. जनूची लग्नाची बायको मी हाय, माझी सोडचिठ्ठी झाली नाय. दुसरं लग्न कायद्यानं लग्नच नाय. लग्न नाय तर पोर आईचं. नेता का? न्या. मी कोर्टात उभी राहते. दोन बायका केल्या म्हणून तुरुंग हाय त्याला."

"साक्ष कोण देईल?" शिवा म्हणाला. "गावातला एक माणूस येणार नाय."

"मी देईन," रंभा आतून म्हणाली. पोराला छातीशी धरून ती दारात आली. "माळ माझ्याच गळ्यात होती. मला आठवतंय."

ठमाबाई उठली. तिचा आवाज तोच होता, पण त्यातली सत्ता गेली होती. "रंभे, माझा नातू दे गो. मी तुला पोटच्या पोरीसारखी..."

"थांब, म्हातारे," पुतळी म्हणाली. "आधी तुझ्या पोराला बोलू दे. कधी बोलला नाय तो. जनू, ऊठ."

जनू उठला. शर्ट इस्त्रीचाच होता, पण घामानं पाठीला चिकटला होता.

"डॉक्टरांनी दार लावून तुला काय सांगितलं होतं? मला पुलावर सांगितलंस ते नको. आत सांगितलं ते सांग. या सगळ्यांना सांग."

जनू खाली बघत राहिला. एका बाईच्या कडेवरचं पोर कुरकुरलं, तिनं त्याला थोपटलं. पुतळी वाट बघत उभी राहिली. तिला घाई नव्हती.

"मुंबईला ने म्हणाले," शेवटी तो म्हणाला.

"मोठ्यानं."

"मुंबईला ने म्हणाले. शिवतील. बरी होईल."

"मग का नाय नेलंस?"

त्यानं आईकडं पाहिलं. सगळ्या अंगणानं ते पाहणं पाहिलं. म्हातारी गिरजाबाई, जिनं आयुष्यात कुणाला अरेतुरे केलं नव्हतं, ती जागची उठली आणि त्याच्या पायाशी थुंकली. बाबाजी आणि शिवा घोंगडीवरून उठून बाजूला सरकले, जणू ते त्याच्याबरोबर आलेच नव्हते.

ठमाबाई मटकन बसली. "पुतळे, एकदा पोराचं तोंड तरी दाखव गो. पाया पडते."

पुतळीनं तिच्या तोंडाकडं बघितलं. नथ, लाल ओठ. तिला वाटलं होतं या क्षणी दया येईल. लोक म्हणतात, येते. तिनं थांबून पाहिलं. नाही आली.

"तुझ्या घरात शिवाशीव फार," ती म्हणाली. "आमच्या पोराला नको."

ते गेले. बांधावरून जाताना ठमाबाई पुढं होती आणि जनू मागं, आणि बायका दिसेनासे होईपर्यंत बघत होत्या.

ही गोष्ट मिठागरावरून पेणच्या बाजारात गेली, तिथून एस.टी.नं रोह्यात. जनूला तिसरी कुणी दिली नाही. कंपनीत पोरं त्याला "मुंबईला ने" म्हणून हाक मारायची, म्हणून त्यानं शिफ्ट बदलून घेतली, मग खातं बदललं, मग नोकरीच सोडली. नातवाचं तोंड न बघताच ठमाबाई गेली. पुतळीला निरोप आला तेव्हा ती मासे साफ करत होती. तिनं ते काम पुरं केलं, हात धुतले, आणि मंजुळेला जेवायला वाढलं.

शेजारणी म्हणायच्या, आता तरी सोड गो, माफ कर, मन हलकं होईल. ती म्हणायची, "माझं हलकंच हाय. मला झोप चांगली लागते."

रंभा पुतळीकडंच राहिली. पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम शिकली. डोळे रेखायला तिचा हात चांगला बसला. दोघी एकाच घरात राहायच्या आणि भांडायच्याही, मिठावरून, पाण्यावरून, पोरांच्या लाडावरून. एकदा गौरी-गणपतीच्या आधी, कामाची घाई असताना, हातावरचा रंग रॉकेलनं पुसता पुसता रंभेनं विचारलं, "खरं सांग. त्या दिवशी तू दारात आलीस, ते माझ्यासाठी आलीस का? मी फाटू नये म्हणून?"

पुतळीला खोटं बोलता आलं असतं. "नाय," ती म्हणाली. "त्याचं काढून घ्यायला आले होते. तू त्याची होतीस म्हणून तुला काढून घेतली."

रंभा बराच वेळ बोटं पुसत राहिली.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. मग उठून तिनं चुलीवरचा भात उतरवला आणि सगळ्यांची ताटं मांडली.